ॲमटॉर: लांबचं स्टेशन जुळतं, जवळचं का तुटतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ॲमटॉर ही हौशी रेडिओवरून टाइप केलेला मजकूर पाठवण्याची पद्धत. पुण्यातल्या एका नव्या हौशी रेडिओ परवानाधारकाकडे ती चालवणारा जुना पीके-२३२ कंट्रोलर आणि रिलेवर चालणारा शंभर वॅटचा रिग, म्हणजे ट्रान्समीटर-रिसीव्हर, आहे. वीस मीटरच्या बँडवर इंग्लंडचं स्टेशन कानाला जेमतेम लागत असतानाही ॲमटॉरचा मजकूर नीट उतरतो. चाळीस मीटरच्या बँडवर सोलापूरचा मित्र सिग्नल मीटरचा काटा टोकाला नेतो, तरी तीच तीच तीन अक्षरं पुन्हा पुन्हा जात राहतात आणि शेवटी दुवा तुटतो. दोघांनी पॉवर वाढवून पाहिली, फरक पडला नाही. आता लिनियर, म्हणजे पॉवर वाढवणारा ॲम्प्लिफायर, घ्यावा, की ॲमटॉर सोडून दुसरं काही धरावं, असं त्यांनी विचारलं आहे.

लिनियर घेऊ नका. तुमची अडचण ताकदीची नाही, वेळेची आहे. तुम्ही दिलेली लक्षणंच ते सांगतात. लांबचा, अशक्त सिग्नल चालतो आणि जवळचा, दणदणीत सिग्नल चालत नाही, असं दिसलं की मी पहिल्यांदा मिलिसेकंद मोजायला घेतो. माझ्या पहिल्या वर्षात याच दुखण्यावर मी दोन महिने अँटेना वरखाली करत घालवले. तुमचे ते दोन महिने वाचावेत म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

साधं आरटीटीवाय, म्हणजे रेडिओवरचा टेलिप्रिंटर, एकतर्फी असतं. पाठवणारा पाठवत राहतो, पलीकडे काय पोचलं ते त्याला कळत नाही. पाच बिटांच्या त्या कोडमध्ये सगळी ३२ रूपं वैध आहेत, त्यामुळे बिघडलेलं अक्षरही कुठलं तरी अक्षर म्हणूनच छापलं जातं. अक्षरं आणि आकडे एकाच कोडवर बसवलेले आहेत. अक्षरांवरून आकड्यांवर नेणारा शिफ्टचा संकेत हुकला की पाठवलेलं ५९९ पलीकडे टीओओ असं उतरतं. क्यूएसओच्या, म्हणजे दोन स्टेशनांच्या गप्पांच्या, रिपोर्टमध्ये हे चालून जातं, औषधांच्या यादीत चालत नाही.

यावरचा उपाय डच टपाल-तार खात्यातल्या व्हान ड्यूरेन यांनी १९४० च्या दशकात काढला. पाचाऐवजी सात बिटं घ्यायची आणि त्यांत एका जातीची नेमकी चार, दुसरीची नेमकी तीन ठेवायची. सात माणसांच्या रांगेत चार फेटेवाले आणि तीन टोपीवाले असायलाच हवेत, असा नियम समजा. पलीकडे रांग पोचली आणि फेटे पाच निघाले, की वाटेत काहीतरी बदललं हे लगेच कळतं. अशा रांगा एकूण ३५ होतात. त्यांतल्या ३२ टेलिप्रिंटरच्या संकेतांना दिल्या, उरलेल्या तीन यंत्रांच्या आपसातल्या कामाला. यातूनच जहाजांसाठी सिटॉर आलं, आणि इंग्लंडच्या पीटर मार्टिनेझ, जी३पीएलएक्स, यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेच हौशी रेडिओसाठी बसवलं. त्याचं नाव ॲमटॉर. अमेरिकेत त्याला १९८३ साली परवानगी मिळाली.

आता तुमच्या दुखण्याकडे. ए मोड, म्हणजे एआरक्यू (चुकलेलं पुन्हा मागवण्याची रीत), ४५० मिलिसेकंदांच्या ठेक्यावर चालतो. वेग १०० बॉड, म्हणजे एक बिट १० मिलिसेकंदांचं आणि एक अक्षर ७० चं. पाठवणारं स्टेशन तीन अक्षरांचा ब्लॉक पाठवतं, त्याला २१० लागतात. मग ते २४० मिलिसेकंद गप्प बसून ऐकतं. या गप्प वेळेत पलीकडच्याने एकाच अक्षराचा, ७० मिलिसेकंदांचा जबाब द्यायचा: मिळालं, पुढचं पाठव, किंवा नाही मिळालं, तेच पुन्हा दे. लांबून ऐकलं तर रातकिड्यासारखी एकसुरी किरकिर वाटते. ती ऐकून दुवा निरोगी आहे की आजारी हे काही दिवसांत कानालाच कळू लागतं.

२४० मधून जबाबाचे ७० वजा केले की उरतात १७०. एवढीच तुमची पुंजी. लहरींच्या जाण्यायेण्याचा वेळ यातूनच जातो, पलीकडच्या रिगला रिसीव्हवरून ट्रान्समिटवर यायला लागणारा वेळही यातूनच, आणि जबाब ऐकून झाल्यावर तुमच्या रिगला पुन्हा ट्रान्समिटवर यायला लागणारा वेळही यातूनच. कंट्रोलरमधलं एडिले हे सेटिंग पीटीटी, म्हणजे ट्रान्समिटचा स्विच, दाबल्यावर डेटा सुरू करायच्या आधी किती थांबायचं ते ठरवतं. पीके-२३२ मध्ये ते १० मिलिसेकंदांच्या पटीत असतं आणि मुळात ४ वर, म्हणजे ४० मिलिसेकंदांवर ठेवलेलं असतं. दोन्हीकडे ४० असेल तर १७० मधून ८० गेले, ९० उरले, म्हणजे एका बाजूच्या प्रवासाला ४५. रेडिओलहर मिलिसेकंदाला ३०० किलोमीटर जाते. झाले १३,५०० किलोमीटर. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को अंतर जवळपास तेवढंच आहे. म्हणून मूळ सेटिंगवर तिथलं स्टेशन काठावर येऊन अडकतं, आणि दोघांनी २० वर आणलं की हीच मर्यादा १९,५०० किलोमीटरवर जाते. पृथ्वीवर याहून फारसं लांब काही नाही.

हे झालं लांबचं गणित. हस्तपुस्तिकांमध्ये ते सापडतं. जवळचं गणित कुणी सांगत नाही, आणि तुम्ही अडकला आहात ते तिथेच.

तुमचा ब्लॉक संपला, पीटीटी सुटली. त्या क्षणी तुमचा रिसीव्हर ऐकू लागत नाही. रिले पडतो, त्याची पट्टी एकदोनदा उडते, आणि सगळ्यात जास्त वेळ खाते एजीसी, म्हणजे सिग्नलप्रमाणे रिसीव्हरची संवेदनशीलता आपोआप कमीजास्त करणारी सोय. स्लो एजीसीवर रिग ठेवला असेल तर ट्रान्समिट संपल्यावर काही काळ रिसीव्हर दबलेलाच राहतो. समजा तुमच्या रिगला पूर्ण जागं व्हायला ५५ मिलिसेकंद लागतात. सोलापूरच्या मित्राने एडिले २ वर, म्हणजे २० वर ठेवलं आहे. सोलापूर अडीचशे किलोमीटर. लहर साधारण तीनशे किलोमीटर उंचीवरून परावर्तित होऊन येते असं धरलं, तरी एका बाजूला दोन मिलिसेकंदांच्या किंचित वर. म्हणजे जाण्यायेण्याचे चार-पाच आणि त्याचे २० मिळून त्याचा जबाब तुमच्याकडे पंचविसाव्या मिलिसेकंदाला सुरू होतो आणि तुम्ही ऐकू लागता पंचावन्नाव्याला. सात बिटांतली पहिली तीन गेली. तुमचा कंट्रोलर म्हणतो जबाब कळला नाही, आणि विचारत राहतो. मित्राने हजार वॅट लावले तरी तुमचा रिसीव्हर लवकर उघडणार नाही.

इंग्लंडच्या बाबतीत मात्र जाण्यायेण्याच्या प्रवासातच ४८ मिलिसेकंद जातात. त्यात तिकडचे २० मिळवले की झाले ६८. तोवर तुमचा रिसीव्हर उघडून बसलेला असतो. अंतराने तुमच्या रिगची सुस्ती झाकली, एवढंच. सोलापूरच्या बाबतीत झाकायला अंतर नाही.

याची खातरजमा फुकटात होते. अक्षरं अडकतात तेव्हा पाठवत कोण असतं ते पाहा. तुम्ही पाठवत असतानाच अडकत असेल आणि मित्र पाठवत असताना मजकूर सुरळीत उतरत असेल, तर दोष बहुधा तुमच्या रिसीव्हरच्या जागं होण्यात आहे. उलटं असेल तर त्याच्या. दोन्हीकडून अडकत असेल तर दोघांनीही हेच करायचं: एजीसी फास्टवर, आणि जवळच्या सिग्नलला आरएफ गेन इतका खाली की मीटर निम्म्यावर यावा. नॉइज ब्लँकर बंद. स्पीच प्रोसेसर तर कायमचा बंद. एवढ्यावर बहुतेकांचं काम होतं. नाहीच झालं तर मित्राला एडिले ५ किंवा ६ वर न्यायला सांगा. जबाब उशिरा सुटेल, तुम्ही तोवर जागे झालेले असाल. फक्त ते आकडे परदेशी स्टेशनच्या वेळी परत खाली आणायला विसरू नका. मी शॅकच्या, म्हणजे रेडिओच्या खोलीच्या, भिंतीवर जवळचा आणि लांबचा असे दोन आकडे लिहून ठेवले आहेत.

अंदाजावर भागवायचं नसेल तर मोजा. ऑसिलोस्कोप लागत नाही, स्टिरिओ लाइन-इन असलेलं साउंड कार्ड पुरतं. एका चॅनलला रिसीव्हरचा ऑडिओ द्या. दुसऱ्या चॅनलला पीटीटीची लाइन, मोठ्या रेझिस्टरच्या दुभाजकातून अगदी कमी करून. थेट जोडलीत तर कार्ड जाईल. साउंड कार्ड डीसी दाखवत नाही, पण पीटीटी सुटल्याचा झटका आलेखात टोकदार उभा राहतो, तेवढा आपल्याला पुरे. सिग्नल जनरेटर किंवा क्रिस्टलचा छोटा ऑसिलेटर शॅकमध्ये सुरू ठेवून त्याचा टोन रिसीव्हरवर लावा आणि अँटेनाऐवजी डमी लोड लावून पीटीटी दाबा-सोडा. झटक्यापासून टोन पूर्ण उंचीला येईपर्यंतचे मिलिसेकंद मोजा. एजीसीच्या दोन्ही जागा मोजा. माझ्या एका जुन्या रिगवर स्लोला १२० आले होते, फास्टला ३०. त्या दिवशी माझे अँटेनाचे दोन महिने कुठे गेले ते मला कळलं.

वेळ बरोबर करूनही संध्याकाळी सोलापूर तुटत असेल, तर तो बँडचा दोष समजा. जवळच्या स्टेशनसाठी लहर जवळजवळ उभी वर जाऊन परत यावी लागते, आणि अंधार पडू लागला की चाळीस मीटर तसं परत देईनासं होतं. तेव्हा ऐंशी मीटरवर जा, किंवा सकाळची वेळ ठरवा.

लिनियरबद्दल आणखी एक गोष्ट, कारण यात पैसा आणि यंत्र दोन्ही जातं. ४५० मिलिसेकंदांना एकदा पीटीटी म्हणजे मिनिटाला १३३ वेळा, तासाला ८,००० वेळा. एखादा रिले दहा लाख वेळा चालेल असं धरलं तर सव्वाशे तासांत तो संपला. लिनियरमधल्या मोठ्या, जड रिलेला तर हा ठेकाच पकडता येत नाही. तो अर्धवट असताना आरएफ आलं की टोकं जळतात. डायोडने स्विच होणारा रिग मिळत असेल तर एआरक्यूसाठी तोच घ्या. रिलेचा असेल तर तासन्‌तास दुवा उघडा ठेवून गप्पा मारू नका.

ट्यूनिंगमध्ये नवा माणूस दोन ठिकाणी चुकतो. दोन टोनांमधला फरक, म्हणजे शिफ्ट, १७० हर्ट्झचा असतो आणि दोन्ही टोन योग्य बाजूला असावे लागतात. आरटीटीवायमध्ये साइडबँड उलटा पडला तर निदान कचरा तरी छापला जातो. इथे चार-तीनचं तीन-चार होतं, एकही अक्षर वैध ठरत नाही, आणि पडदा कोरा राहतो. सिग्नल खणखणीत आहे आणि काहीच उतरत नाही, तर आधी साइडबँड उलटून पाहा. दुसरी चूक म्हणजे दुवा जुळल्यावर मुख्य डायल फिरवणं. तुम्ही सरकलात की पलीकडचा तुमच्यामागे सरकतो, मग पुन्हा तुम्ही. असे दोघे बँडभर फिरताना मी पाहिले आहेत. हाक मारणाऱ्याने डायलला हात लावायचा नाही. थोडं जुळवायचं असेल तर आरआयटी वापरायची, कारण ती फक्त ऐकण्याची फ्रीक्वेन्सी हलवते. हाक मारणारं स्टेशन शेवटपर्यंत मास्टर राहतं, ठेका त्याच्याच घड्याळावर चालतो. पाठवण्याची पाळी बदलली तरी मास्टर बदलत नाही.

पाळी देण्यासाठी अधिक चिन्ह आणि लगेच प्रश्नचिन्ह टाइप करायचं. यंत्रं आपसात दिशा बदलतात. टाइप करता करता थांबलात तरी ठेका चालूच राहतो, रिकामे संकेत जात राहतात, त्यामुळे घाई नको. सर्वसाधारण हाक जबाब न मागणाऱ्या बी मोडमध्ये द्यायची आणि तिच्यात आपला सेलकॉल सांगायचा, म्हणजे ऐकणारा त्या सेलकॉलवर ए मोडमध्ये जोडून घेतो. सेलकॉल चार अक्षरांचा असतो: कॉलसाइनचं पहिलं अक्षर आणि शेवटची तीन. भारतात यात एक गोची आहे. व्हीयू२एक्सवायझेड आणि व्हीयू३एक्सवायझेड या दोघांचाही सेलकॉल व्हीएक्सवायझेडच होतो, आणि दोघे एकाच वेळी ऐकत असतील तर दोन्ही रिग एकदम जबाब देतात. सीसीआयआर ६२५ या नंतरच्या मानकात सात अक्षरी ओळख आली आणि हे सुटलं. तुमच्या कंट्रोलरमध्ये ती सोय असेल तर तीच वापरा.

बी मोड, म्हणजे एफईसी, वेगळ्या वाटेने जातो. तिथे जबाब नाही. प्रत्येक अक्षर दोनदा जातं, दुसऱ्यांदा २८० मिलिसेकंदांनी. एक प्रत बिघडली तर दुसरी घ्यायची, दोन्ही बिघडल्या तर जागा कोरी सोडायची. मे महिन्यातल्या वळवाच्या दिवसांत चाळीस मीटरवर विजेचे कडाके येतात, त्यांतले आखूड असतात ते एकच प्रत खातात आणि मजकूर वाचतो. लांबलचक गडगडाटात दोन्ही जातात. लक्षात ठेवा, एआरक्यूमध्ये पाठवणारा निम्म्याहून कमी वेळ हवेत असतो, एफईसीमध्ये अखंड. शंभर वॅटचा रिग तिथे चाळीस-पन्नासावर आणा, नाहीतर फायनल ट्रान्झिस्टर तापतील.

बी मोडचा सराव करायला स्टेशन शोधत बसू नका. जहाजांना हवामानाचे आणि धोक्याचे इशारे देणारी नॅव्हटेक्स सेवा नेमक्या याच पद्धतीने ५१८ किलोहर्ट्झवर चालते. मुंबई केंद्राचं अक्षर जी, म्हणून त्याची पाळी भारतीय वेळेने सकाळी साडेसहा, साडेदहा अशी दर चार तासांनी येते. किनाऱ्यावर पुढे उभारलेल्या केंद्रांच्या साखळीत आपलं वेंगुर्लंही आहे. संदेश झेडसीझेडसीने सुरू होतो आणि चार वेळा एनने संपतो. साउंड कार्डवर एफएलडिजी हा प्रोग्रॅम लावून तो सहज उतरतो. मात्र साउंड कार्डवर एआरक्यूच्या नादी लागू नका. संगणकाच्या बफरमध्येच पन्नास-शंभर मिलिसेकंद अडकतात, आणि १७० ची पुंजी तिथेच संपते.

आता ज्याकडे बहुतेक जण काणाडोळा करतात ते. ॲमटॉर चूक पकडतं, पण सगळ्या चुका पकडत नाही. रांगेत एका फेटेवाल्याची टोपी झाली आणि त्याच वेळी एका टोपीवाल्याचा फेटा झाला, तर चार-तीन कायम राहतं आणि चुकीचं अक्षर शहाजोगपणे छापलं जातं. हिशेब करा. सात बिटांची १२८ रूपं, त्यांतली वैध ३५. निव्वळ गोंगाटातून आलेलं अक्षर वैध ठरण्याची शक्यता चारात एकापेक्षा जास्त. तीन अक्षरांचा पूर्ण ब्लॉक तसा निघण्याची सुमारे पन्नासात एक. ठेका ४५० मिलिसेकंदांचा, म्हणजे फक्त गोंगाट ऐकत राहिलात तर साधारण बावीस सेकंदांनी एक खोटा ब्लॉक खरा म्हणून आत येतो. चांगल्या दुव्यावर हे घडत नाही. मरणाऱ्या दुव्यावर, जेव्हा आपण हट्टाने धरून ठेवतो, तेव्हा नेमकं हेच घडतं. एका सरावात आमच्याकडे सामानाच्या यादीतला एक आकडा असा बदलून आला. ओळ स्वच्छ, आजूबाजूची अक्षरं बरोबर, म्हणून कुणालाच शंका आली नाही. सराव होता म्हणून निभावलं. तेव्हापासून मी प्रत्येक आकडा दोनदा आणि शेवटी अक्षरी पाठवतो, आणि माझ्यासोबत बसणाऱ्या प्रत्येकाकडून तसं करून घेतो.

मराठी मजकुराचं दुखणं याहून वेगळं. या कोडमध्ये फक्त मोठी रोमन अक्षरं. व्ही-ए-डी-आय असं आलं तर ते वाडी, वडी की वादी, हे कुठलीही चूकदुरुस्ती सांगणार नाही. गावांची नावं पाठवायची असतील तर पुढे तालुका द्या.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: खरं काम करायचं असेल तर पॅक्टर धरा. जर्मनीतल्या हान्स-पेटर हेल्फर्ट आणि उलरिश श्ट्राटे यांनी ते १९९१ च्या सुमारास आणलं. ठेका सव्वा सेकंदाचा, ब्लॉक मोठे, आणि प्रत्येक ब्लॉकला सोळा बिटांची तपासणी. गोंगाटाने तिला फसवण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक. तोच हिशेब लावला तर बावीस सेकंदांच्या जागी बावीस तासांहून जास्त येतात. बिघडलेल्या दोन प्रती फेकून न देता एकमेकींवर ठेवून त्यांतून चांगली काढण्याची युक्तीही त्यात आहे. अनेक मल्टिमोड कंट्रोलरमध्ये पहिली पॅक्टर आवृत्ती मिळते. तुमच्या कंट्रोलरच्या रॉममध्ये ती आहे का ते आधी बघा. नंतरच्या आवृत्त्यांना महागडा मोडेम लागतो. साउंड कार्डवरच राहायचं असेल तर आरडॉप किंवा वारा हे प्रोग्रॅम आहेत. त्यांचे ठेके संगणकाची सुस्ती धरूनच आखलेले आहेत.

तरी ॲमटॉर सोडा असं मी म्हणणार नाही. आज त्यावर हाक मारून जबाब मिळणं दुर्मीळ आहे, भेट ठरवूनच करावी लागते. पण बाकीच्या यंत्रणांमध्ये जे पेटीच्या आत दडलेलं असतं, ते इथे कानाला ऐकू येतं. ब्लॉक, जबाब, हुकलेला जबाब, पुन्हा तोच ब्लॉक. ते ऐकत शिकलेल्या माणसाला पुढे कुठल्याही एआरक्यूत काय बिघडलं ते सांगता येतं.

या रविवारी सकाळी सोलापूरच्या मित्राशी वेळ ठरवा. दोघांनी एजीसी फास्टवर ठेवा, पॉवर पंचवीस वॅटवर आणा, एडिले आधी दोन्हीकडे ४, मग त्याच्याकडे एकेक वाढवत ६ पर्यंत. प्रत्येक वेळी दहा ओळी पाठवा आणि किती वेळा पुनरावृत्ती झाली ते कान लावून मोजा. कोण पाठवत असताना किती झाल्या हे वेगळं लिहा. ते दोन रकाने आणि रिगचा जागं होण्याचा आकडा मला कळवा, पुढचं आपण त्यावरून पाहू.